जर्मन स्थलांतरित कुटुंबांचा वंशशोध

जर्मन स्थलांतरित कुटुंबांचा वंशशोध म्हणजे जर्मनभाषक प्रदेशांतून परदेशी, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा पूर्वेतिहास जन्म, विवाह, मृत्यू, प्रवास, जनगणना व नागरिकत्व यांच्या मूळ नोंदींच्या आधारे निश्चित करण्याची पद्धती होय. १८२० ते १९१० या काळात पन्नास लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत उतरले. त्यांचे वंशज आज आपल्या पूर्वजांचा माग काढू लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला आणि बहुधा सर्वांत अवघड प्रश्न येतो तो मूळ गावाचा.

याचे कारण जर्मनीच्या इतिहासात आहे. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राज्य अस्तित्वात नव्हते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग, बाडेन, हानोफर, हेसे अशी अनेक राज्ये, संस्थाने व स्वतंत्र नगरे होती आणि प्रत्येकाची दप्तरे वेगळी होती. नोंदी ठेवल्या जात त्या गावच्या चर्चमध्ये व पुढे गावच्या नोंदणी कार्यालयात. साऱ्या देशाची एकत्र सूची कधीच तयार झाली नाही. त्यामुळे पूर्वज ‘जर्मनीतून आला’ एवढी माहिती असून नसल्यासारखीच ठरते. गाव कळले, तर तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाता येते. न कळल्यास शोध अटलांटिक महासागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच थांबतो.

स्थलांतराची पार्श्वभूमी

क्रेफेल्ड येथील तेरा कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने ऑक्टोबर १६८३ मध्ये फिलाडेल्फियास पोहोचली आणि फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस यांच्या पुढाकाराने जर्मनटाउन ही वसाहत उभी राहिली. संघटित जर्मन स्थलांतराचा आरंभ येथून मानतात. अठराव्या शतकातील स्थलांतरित मुख्यतः ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील होते. १७०९ मध्ये तेथील हजारो लोक लंडनला गेले व त्यांतील अनेक पुढील वर्षी न्यू यॉर्क प्रांतात पोहोचले.

एकोणिसाव्या शतकातील लाटांमागची कारणे प्रदेशाप्रदेशांत भिन्न होती. नैर्ऋत्य जर्मनीत वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटण्याची रीत होती. काही पिढ्यांत एकेकाच्या वाट्याला पोट न भरण्याइतका तुकडा उरला. वायव्येकडील अनेक भागांत याच्या उलट शेत अखंड एकाच वारसाकडे जाई आणि बाकीची भावंडे भूमिहीन होत. १८१६ च्या थंड उन्हाळ्याने पिके बुडाली, १८४६-४७ मध्ये बटाट्यावरील रोगाने पुन्हा उपासमार आली. बव्हेरियात १८६८ पर्यंत लग्नासाठी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी लागे आणि पुरेशी मिळकत दाखवता न येणाऱ्यांना ती मिळत नसे. तेथील चर्चच्या दप्तरांत त्या काळी अनौरस जन्मांच्या नोंदी फार मोठ्या संख्येने आढळतात, त्या या कायद्यामुळे. नीतिमत्तेच्या ऱ्हासाची खूण म्हणून त्या वाचणे चूक आहे. अशी कित्येक जोडपी अमेरिकेत उतरल्यावर विवाहबद्ध झाली, म्हणून त्यांच्या विवाहाची नोंद गावी शोधून सापडत नाही.

अमेरिकेतील नोंदी

अनुभवी संशोधक आपल्यापासून आरंभ करून एकेक पिढी मागे जातात. एखाद्या प्रसिद्ध घराण्यापासून खाली उतरत येऊन त्याच्याशी आपले नाते जोडणे हा या क्षेत्रातील सर्वांत जुना दोष आहे.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंतच्या याद्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान लिहिले जाऊ लागले. १८८० पासून आईवडिलांचे जन्मस्थान, १९०० मध्ये स्थलांतराचे वर्ष व जन्माचा महिना यांची भर पडली. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधील १९२१ च्या आगीमुळे गेले, त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षे पुष्कळ कुटुंबांच्या इतिहासात रिकामी राहतात. नावनिशीवार नोंदी बहात्तर वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये उपलब्ध झाली.

जनगणनेतील जन्मस्थान सावधपणे वाचावे लागते. एकच मनुष्य १८६० मध्ये ‘हानोफर’ येथे आणि १८८० मध्ये ‘प्रशिया’ येथे जन्मलेला दिसतो. यात कोणी खोटे सांगितलेले नसते. १८६६ मध्ये प्रशियाने हानोफर गिळंकृत केले होते. तसेच जन्मस्थान ‘रशिया’ असलेले कुटुंब जर्मन असू शकते. दुसऱ्या कॅथरिनच्या १७६३ च्या जाहीरनाम्याने व्होल्गा नदीकाठी वसलेल्या जर्मनांचे वंशज १८७० नंतर कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा या भागांत आले. त्यांची ओळख १९१० व १९२० च्या याद्यांतील मातृभाषेच्या नोंदीवरून पटते.

नागरिकत्वाच्या कागदांचे दोन कालखंड पडतात. १९०६ च्या कायद्यापूर्वी कोणत्याही न्यायालयात अर्ज करता येई आणि त्यात बहुधा ‘बव्हेरियाच्या राजाची निष्ठा सोडतो’ अशा आशयाचे एक वाक्य असे. तेवढ्यावरून निदान राज्य कळते. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव, जहाज, आगमनाची तारीख, पत्नी व मुले असा तपशील मिळतो.

प्रत्यक्षात गावाचे नाव सरकारी कागदांपेक्षा चर्चच्या कागदांत अधिक वेळा सापडते. अमेरिकेतील जर्मन ल्यूथरन व कॅथलिक धर्मगुरू स्वतः त्याच भागांतून आलेले असत. मृताची नोंद करताना ते जन्मगाव आवर्जून लिहीत. इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनाला जे नाव लिहिता येत नसे, ते या धर्मगुरूंनी अचूक लिहिलेले असते. जर्मन वृत्तपत्रांतील निधनवार्ता व थडग्यांवरील लेख यांचाही असाच उपयोग होतो. एवढे करूनही गाव मिळाले नाही, तर साक्षीदार, मुलांचे धर्मपिते व शेजारी यांचा शोध घेतात. एकाच गावचे लोक एकमेकांच्या पाठोपाठ जात आणि जवळजवळ राहत. मूळ पुरुषाचे गाव पुष्कळदा त्याच्या शेजाऱ्याच्या थडग्यावर कोरलेले असते.

जहाजांच्या याद्या

फिलाडेल्फियात १७२७ पासून सोळा वर्षांवरील परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. कप्तानाची यादी व शपथांच्या दोन याद्या अशा तीन प्रती त्यामुळे निर्माण झाल्या. कप्तानाच्या यादीत नावे ऐकून लिहिलेली असत. शपथेच्या यादीत साक्षर व्यक्तीची स्वतःची सही असे. त्यामुळे एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले दिसते आणि त्यांतील सही विश्वसनीय मानतात. राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे पूर्वज हान्स निकोलाउस आयझेनहाउअर १७४१ मध्ये याच बंदरात उतरले. या याद्यांचे स्ट्रासबर्गर व हिंके यांनी संपादिलेले संकलन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रिया व मुले यांची नावे या शपथांत नाहीत.

१८१९ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाला उतारूंची यादी देणे बंधनकारक झाले. न्यू यॉर्कमध्ये १८५५ ते १८९० पर्यंत कॅसल गार्डन आणि १८९२ पासून एलिस बेट येथे उतारूंची तपासणी होई. मात्र आगमनाच्या जुन्या याद्यांत ‘जर्मनी’ किंवा ‘प्रशिया’ यापलीकडे क्वचितच काही असते; जन्मगावाचा रकाना १९०७ पासून दिसतो.

म्हणून निर्गमनाच्या याद्यांना महत्त्व आहे आणि येथे दोन बंदरांचे नशीब वेगवेगळे ठरले. हांबुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या बहुतांशी शाबूत आहेत आणि त्यांत उतारूचे राहते गाव लिहिलेले असते. थेट अमेरिकेस जाणाऱ्यांची यादी वेगळी व इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांची वेगळी असे. हल येथे उतरून रेल्वेने लिव्हरपूल व तेथून दुसरे जहाज हा स्वस्त मार्ग होता. थेट यादीत नाव नसेल, तर शोध तेथेच सोडू नये, तो एवढ्यासाठी. ब्रेमेननेही १८३२ पासून याद्या ठेवल्या होत्या. परंतु १८७५ ते १९०८ पर्यंत जागेच्या अभावी तीन वर्षांपेक्षा जुन्या याद्या नष्ट करण्यात येत आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२० ते १९३९ दरम्यानच्या काही याद्या तेवढ्या हाती आहेत. ज्या बंदरातून लाखो लोक गेले, तेथील कागद कपाट रिकामे करण्यासाठी नाहीसे झाले, ही या विषयातील सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

ही उणीव काही प्रमाणात स्थलांतराच्या परवान्यांनी भरून निघते. व्युर्टेंबर्ग, बाडेन, हेसे आदी राज्यांत देश सोडण्यापूर्वी अर्ज करावा लागे. कर्ज नाही, सैनिकी सेवेचे बंधन नाही, हे सिद्ध करावे लागे. ही प्रकरणे राज्यांच्या अभिलेखागारांत आहेत. जे गुपचूप गेले, त्यांची प्रकरणे अर्थात नाहीत; मात्र सैन्यभरतीला हजर न राहिल्याबद्दल त्यांच्यावर काढलेल्या नोटिसा कधी कधी मिळतात.

नावांचे प्रश्न

एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी नावे बदलली, अशी कथा असंख्य अमेरिकन कुटुंबांत सांगितली जाते. ती निराधार आहे. तेथील अधिकारी जहाजाने आणलेल्या, म्हणजे युरोपातच लिहिलेल्या, यादीवरून नावे वाचून खुणा करीत. नाव बदलले ते पुढे, शाळेत, दुकानात, न्यायालयात आणि बहुधा कुटुंबाच्या स्वतःच्या इच्छेने. श्मिट कुटुंब स्मिथ झाले, म्युलर मिलर झाले. त्सिमरमान याचे भाषांतर होऊन कारपेंटर झाले. १९१७-१८ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात असताना अशा बदलांना मोठा वेग आला.

जर्मनीतील नावांनाही स्वतःचे नियम आहेत. मुलाला दोन किंवा अधिक नावे देत. त्यांतील पहिले, विशेषतः योहान, हे जवळजवळ सर्व भावांना समान असे आणि हाक मारण्याचे नाव दुसरेच असे. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या भावांची नावे योहान क्रिस्टोफ व योहान याकोब अशी होती. अमेरिकेत आल्यावर ‘योहान’ गळून केवळ ‘याकोब’ उरतो आणि संशोधकास दोन वेगळी माणसे वाटतात. स्त्रीच्या आडनावाला ‘-इन’ हा प्रत्यय जोडीत. म्युलरिन म्हणजे म्युलर घरातील स्त्री. ओस्टफ्रीसलांडमध्ये नेपोलियनच्या अमलातील १८११ च्या आदेशापर्यंत स्थिर आडनावाऐवजी वडिलांचे नाव लावीत. वेस्टफालियाच्या काही भागांत शेताचे नाव तेच आडनाव असे. शेताच्या वारस मुलीशी लग्न करणारा जावई आपले आडनाव टाकून शेताचे नाव घेई. तेथे आडनाव धरून मागे गेल्यास नकळत दुसऱ्याच वंशात प्रवेश होतो. ज्यूधर्मीयांना स्थिर आडनावे शासकीय आदेशांनी मिळाली: बाडेनमध्ये १८०९, प्रशियात १८१२, बव्हेरियात १८१३. त्यापूर्वीच्या पिढ्या शोधताना बापलेकांच्या नावांची साखळीच उपयोगी पडते.

जर्मनीतील दप्तरे

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केला. अनेक प्रॉटेस्टंट नगरांत त्याआधीही नोंदी होत्या. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-४८) असंख्य गावांबरोबर त्यांची पुस्तकेही जळाली, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सलग नोंदी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. कॅथलिक नोंदी लॅटिनमध्ये, प्रॉटेस्टंट नोंदी जर्मनमध्ये असतात. बाप्तिस्मा जन्मानंतर दोनतीन दिवसांत होई. मृत्यूच्या नोंदीत वय वर्षे, महिने व दिवसांत दिलेले असल्यास त्यावरून जन्मतारीख काढून बाप्तिस्म्याच्या नोंदीशी पडताळता येते.

तारखांबाबत दोन अडचणी येतात. कॅथलिक प्रदेशांनी ग्रेगरीय कालगणना सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्वीकारली, तर बहुतेक प्रॉटेस्टंट प्रदेशांनी १७०० मध्ये. त्यामुळे शेजारच्या दोन गावांत शंभर वर्षांहून अधिक काळ दहा दिवसांचा फरक होता. दुसरी अडचण महिन्यांच्या संक्षेपांची. ‘७ब्रिस’ म्हणजे सातवा महिना जुलै नव्हे, तर लॅटिनमधील सात या अंकावरून सप्टेंबर; ‘८ब्रिस’ म्हणजे ऑक्टोबर.

ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलात १७९८ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. प्रशियात ती १ ऑक्टोबर १८७४ पासून व संपूर्ण साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून लागू झाली. ‘श्टांडेसआम्ट’ या नोंदणी कार्यालयातील जन्माच्या नोंदी ११०, विवाहाच्या ८० व मृत्यूच्या ३० वर्षांनंतर अभिलेखागारात जातात आणि सर्वांस पाहता येतात. पूर्वेकडील जे प्रदेश १९४५ नंतर पोलंड व रशियाकडे गेले, तेथील दप्तरे विखुरलेली आहेत. काही पोलंडच्या अभिलेखागारांत, काही बर्लिनमध्ये आणि काही कायमची नष्ट.

गाव कोणत्या चर्चच्या व कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत होते, हे १९१२-१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायर यांच्या स्थलकोशावरून कळते. नॉयश्टाट, म्हणजे नवे गाव, या नावाची अनेक ठिकाणे जर्मनीत असल्यामुळे हा कोश अपरिहार्य आहे.

यांतील जर्मन भाषेतील बहुतेक नोंदी ‘कुरेंट’ या जोडाक्षरी हस्तलिपीत आहेत. तिच्यात ‘ए’ व ‘एन’ ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात आणि ‘यू’ ओळखू यावा म्हणून त्याच्यावर लहान कंस काढतात. लुडविग झ्युटरलिन यांनी १९११ मध्ये तिचे शालेय रूप तयार केले. १९४१ मध्ये नाझी शासनाने या लिप्या शिकवणे बंद केले. परिणामी आजच्या सामान्य जर्मन माणसाला पणजोबांचे पत्र वाचता येत नाही. मोडी लिपीतील घरचे कागद हाती असूनही न वाचता येणाऱ्या मराठी माणसाची स्थिती याहून वेगळी नाही.

यूटाची वंशावळी संस्था १८९४ मध्ये स्थापन झाली व १९३८ पासून तिने जगभरच्या दप्तरांचे सूक्ष्मपट तयार केले. आज तिच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर, तसेच कॅथलिक नोंदींसाठी माट्रिकुला व प्रॉटेस्टंट नोंदींसाठी आर्खिओन येथे मूळ पानांच्या प्रतिमा पाहता येतात. इतरांनी महाजालावर चढवलेल्या तयार वंशावळींना मात्र मूळ नोंद पाहिल्याखेरीज पुराव्याचे मोल नाही. एका गावात त्याच वर्षी जन्मलेले त्याच नावाचे दोन चुलतभाऊ ही नित्याची गोष्ट आहे; त्यांतील एक बालपणीच वारला असेल, तर मृत्यूचे पुस्तक न पाहता जोडलेली वंशावळ मेलेल्या मुलापासून पुढे सुरू होते.

कालश्टाटचे उदाहरण

कुटुंबातील आठवण व कागदावरील नोंद यांतील अंतर एका सुपरिचित उदाहरणाने स्पष्ट होते. ऱ्हाइनलगतच्या फाल्त्स प्रदेशातील कालश्टाट हे द्राक्षमळ्यांचे लहान गाव तेव्हा बव्हेरियाच्या राज्यात होते. तेथे १८६९ मध्ये जन्मलेले फ्रीडरिश ट्रम्प न्हाव्याचे काम शिकून १८८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, ब्रेमेनहून ‘आयडर’ जहाजाने न्यू यॉर्कला गेले. ब्रेमेनची यादी उरलेली नाही. आगमनाच्या यादीत त्यांचे आडनाव ‘ट्रुम्फ’ असे आहे आणि व्यवसाय ‘काही नाही’ असा. १८९२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. पुढे धन मिळवून गावी परतले, १९०२ मध्ये गावचीच मुलगी एलिझाबेथ क्रिस्ट हिच्याशी त्यांनी विवाह केला आणि कायमचे तेथे राहण्याची परवानगी मागितली. परंतु सैनिकी सेवा न बजावता व रीतसर न कळवता ते गेले होते, हे कागदांवरून निघाले. १९०५ मध्ये देश सोडण्याचा हुकूम झाला. बव्हेरियाचे राजप्रतिनिधी लुइटपोल्ड यांच्याकडे केलेली विनवणीही व्यर्थ गेली व कुटुंब अमेरिकेस परतले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे पुत्र फ्रेड हे आपले घराणे स्वीडिश असल्याचे सांगत आणि नातू डॉनल्ड ट्रम्प यांच्या १९८७ च्या आत्मकथनपर पुस्तकातही आजोबा स्वीडनहून आल्याचे छापले गेले. कालश्टाटच्या चर्चचे पुस्तक व फाल्त्सच्या अभिलेखागारातील प्रकरण यांनी ती समजूत खोटी ठरवली. केचअपच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कुटुंबाचे मूळ गावही कालश्टाटच.

दप्तरांचा दुरुपयोग आणि नागरिकत्व

चर्चची ही पुस्तके एका काळी प्राणघातक ठरली. १९३३ नंतर सरकारी नोकरीसाठी आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर अनेक व्यवहारांसाठी ज्यू पूर्वज नसल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. लक्षावधी जर्मनांनी आजीआजोबांच्या बाप्तिस्म्याचे दाखले गोळा करून ‘आनेनपास’ नावाची पूर्वजपुस्तिका भरली. चार आजीआजोबांपैकी किती ज्यू होते, यावर माणसाचे हक्क ठरत आणि पुढे त्याचे जगणे-मरणेही ठरले. गावनिहाय कुटुंबग्रंथांच्या प्रकाशनाला त्याच काळात राजाश्रय मिळाला. ते ग्रंथ आजही वापरले जातात. मात्र त्यांतील ज्यू कुटुंबांची अनुपस्थिती ही गावात ती कुटुंबे नसल्याचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

आज तीच दप्तरे उलट दिशेने उपयोगी पडतात. जर्मन घटनेच्या ११६ व्या कलमानुसार, १९३३ ते १९४५ या काळात राजकीय, वांशिक वा धार्मिक कारणांनी ज्यांचे नागरिकत्व हिरावले गेले, त्यांच्या वंशजांना ते परत मागता येते. अन्य स्थलांतरितांच्या वंशजांबाबत दोन तारखा निर्णायक असतात. १८७० च्या कायद्यानुसार दहा वर्षे सलग परदेशी राहणाऱ्याचे नागरिकत्व, वकिलातीत नाव नोंदवले नसल्यास, आपोआप जाई. हा नियम १ जानेवारी १९१४ रोजी रद्द झाला. म्हणून १९०४ पूर्वी गेलेल्यांच्या वंशजांचा दावा सहसा टिकत नाही. त्यानंतर गेलेल्यांच्या बाबतीत, मूळ पुरुषाने अमेरिकेचे नागरिकत्व मुलाच्या जन्मापूर्वी घेतले की नंतर, हे पाहतात. आणि त्यासाठी न्यायालयातील नागरिकत्वाच्या अर्जावरील तारीख मुलाच्या जन्मनोंदीशेजारी ठेवावी लागते.